पिशवीतलं चीज आणि गोठ्यातला विषाणू

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरं

प्रवासाच्या सामानातलं मांस, चीज, लोणी सीमेवर काढून घेतलं, अशी पत्रं गेल्या काही महिन्यांत सारखी येत आहेत. काही रागाने लिहिलेली, काही गोंधळून. मी कस्टममध्ये नोकरी केलेली नाही, मी गुरांची डॉक्टर आहे. त्यामुळे उत्तरं देताना माझं लक्ष तुमच्या बॅगेपेक्षा गोठ्याकडे जास्त जाईल. तसं होऊ देणार आहे, कारण हे सगळे नियम गोठ्यातच जन्मले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : सुटीत आम्ही फ्रान्सला गेलो होतो. परत येताना ब्रिटनच्या सीमेवर चीजची पाकिटं, सलामी आणि मुलांसाठी केलेली हॅम सँडविचेस काढून घेतली. चीज ड्युटी-फ्री दुकानातलं होतं, कारखान्याचं सीलसुद्धा उघडलेलं नव्हतं. तेच चीज आमच्या घराजवळच्या दुकानात राजरोस विकलं जातं. मग माझ्याच पिशवीतलं धोक्याचं कसं?

उत्तर : तुमचा राग मला कळतो. पण सील फक्त एवढंच सांगतं की कारखान्यातून निघाल्यावर पाकीट कोणी उघडलेलं नाही. दूध कुठल्या गोठ्यातून आलं आणि त्या आठवड्यात त्या गोठ्याच्या आसपास काय चाललं होतं, हे सीलवरून कळत नाही.

आधी घडलं काय ते सांगते. १० जानेवारी २०२५ रोजी जर्मनीत, बर्लिनला लागून असलेल्या ब्रांडेनबर्ग राज्यात, म्हशींच्या एका छोट्या कळपात लाळ्या-खुरकुताचं (जनावरांच्या तोंडात आणि खुरांत फोड आणणाऱ्या साथीच्या रोगाचं) निदान पक्कं झालं. जर्मनीत हा रोग १९८८ नंतर दिसला नव्हता. मार्चमध्ये तो हंगेरीत निघाला. तिथे तर पन्नासहून अधिक वर्षं तो कोणी पाहिला नव्हता. त्याच महिन्यात शेजारच्या स्लोव्हाकियातही निघाला. मग १२ एप्रिल २०२५ पासून ब्रिटनने युरोपीय संघातले देश, आणि त्यांच्या जोडीला नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड व लिख्टेनस्टाइन, इथून प्रवाशांनी स्वतःच्या वापरासाठी मांस आणि दुधाचे पदार्थ आणण्यावर बंदी घातली. गाय-बैल, मेंढी, शेळी आणि डुक्कर, या सगळ्यांचं मांस त्यात आलं. सँडविच असो, सीलबंद पाकीट असो की ड्युटी-फ्रीची पिशवी, काहीच सुटत नाही. प्रकरण गंभीर असेल तर इंग्लंडमध्ये दंड ५,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. उत्तर आयर्लंड, जर्सी, गर्न्सी आणि आइल ऑफ मॅन इथून येणाऱ्यांना मात्र ही बंदी लावलेली नाही.

फ्रान्समध्ये तेव्हा रोग नव्हता, मग फ्रेंच चीज का अडवलं, असंही तुम्ही पुढे लिहिलं आहे. युरोपातल्या बहुतेक देशांत एका देशातून दुसऱ्यात जाताना कोणी पिशवी उघडायला लावत नाही. सकाळी एका देशात घेतलेली सलामी दुपारी दुसऱ्या देशातून जहाजावर चढते. रांगेतल्या अधिकाऱ्याला दिसतो तो पदार्थ. त्याचा प्रवास त्याला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. लाळ्या-खुरकुताची लागण झालेली गाय आजारी दिसायला लागण्याच्या काही दिवस आधीपासूनच तिच्या दुधात विषाणू उतरायला लागतो. गाय चारा खाते, रवंथ करते, दूध देते. मालकाला काही कळत नाही, मलाही कळणार नाही. त्या दिवसाचं दूध टँकरमध्ये जातं. रोग जाहीर होतो तेव्हा ते दूध गोठ्यातून निघून चार दिवस झालेले असतात.

दुकानातल्या चीजचं म्हणाल, तर व्यापारी माल पशुवैद्यकीय कागदपत्रांसह येतो. कुठला प्रदेश, कुठला कारखाना, कुठली खेप आणि दुधावर कोणती उष्णतेची प्रक्रिया केली, याची नोंद असते. एखाद्या भागात रोग निघाला की तिथला माल थांबवता येतो, आलेली खेप परत बोलावता येते. तुमच्या पिशवीतलं पाकीट एकदा दाराबाहेर पडलं की ते कुठे गेलं हे कोणालाच सांगता येणार नाही. तुमच्या हातात ते अधिक घाण होतं असा कोणाचाही आरोप नाही. त्याचा माग काढता येत नाही, एवढीच अडचण आहे.

प्रश्न : लाळ्या-खुरकूत माणसाला होत नाही म्हणतात. जनावरंही बहुतेक बरी होतात. मग लाखो प्रवाशांना त्रास देण्याइतका बाऊ कशासाठी?

उत्तर : माणसाला तो होत नाही असंच समजा. झाल्याच्या नोंदी अगदी थोड्या आहेत आणि त्याही सौम्य आजाराच्या. (लहान मुलांच्या तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडात पुरळ येतं तो आजार वेगळा, त्याचा विषाणूही वेगळा. गुरांमुळे मुलाला झालं का, असं विचारणाऱ्या आयांनी निश्चिंत राहावं.)

‘बहुतेक बरी होतात’ हे वाक्य मात्र मी तसंच सोडून देऊ शकत नाही. लाळ्या-खुरकूत झालेल्या गोठ्यात पाऊल टाकण्याआधीच ओठांचा मचमच आवाज कानावर येतो. जिभेवरची साल फोडासह सोलून निघालेली असते, लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबतात. जनावराला भूक असते, ते चाऱ्यापाशी तोंड नेतं आणि मागे घेतं. खुरांच्या बेचक्यात फोड फुटलेले असतात, त्यामुळे ते उभं राहताना एकेक पाय उचलून झटकतं. सडांवर फोड आले की धार काढू देत नाही, मग कास सुजते. वासरांचं वेगळंच. त्यांना फोड यायच्या आधीच विषाणू हृदयाच्या स्नायूत शिरतो. संध्याकाळी दूध प्यायलेलं वासरू सकाळी मेलेलं सापडतं. शवविच्छेदनात हृदयावर फिकट पट्टे दिसतात, त्यावरून आम्ही त्याला व्याघ्रहृदय म्हणतो. ते पट्टे मी पाहिले आहेत, आणि त्या वासराच्या मालकिणीला काय सांगायचं हे मला त्या वेळी सुचलं नव्हतं.

मोठी गाय जगते हे खरं. पण कित्येक गायींचं दूध पुन्हा पूर्वीसारखं येत नाही, काही कायमच्या लंगड्या होतात, काही गाभ टाकतात. उन्हात धापा टाकत राहणारी जनावरंही यातूनच तयार होतात. ‘बरी झाली’ या शब्दांत हे सगळं मावत नाही.

त्यात पसरण्याचा वेग. ज्ञात असलेल्या सर्वांत सांसर्गिक रोगांत याची गणना होते. दुभंगलेल्या खुरांच्या सगळ्या जनावरांना तो होतो: गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, हरीण. मेंढीत लक्षणं इतकी पुसट असतात की ती रोग घेऊन बाजारोबाजार फिरते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. डुक्कर श्वासावाटे प्रचंड विषाणू बाहेर टाकतं. १९८१ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरून हा विषाणू वाऱ्याने समुद्र ओलांडून इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटपर्यंत पोचला होता. या विषाणूचे सात प्रकार आहेत आणि एका प्रकाराची लस दुसऱ्यापासून वाचवत नाही, त्यामुळे ‘सरसकट लस टोचून मोकळे व्हा’ हा उपाय वाटतो तितका सोपा नाही.

ब्रिटनने २००१ मध्ये जे भोगलं ते तिथल्या ग्रामीण भागातली माणसं अजून विसरलेली नाहीत. फेब्रुवारीत पहिली केस पक्की झाली. शेवटपर्यंत दोन हजारांहून अधिक ठिकाणी रोग निघाला आणि साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. त्यातली पुष्कळशी निरोगी होती, केवळ शेजारी रोग होता म्हणून मारली. शेतांत सरणं रचून ती जाळली. ३ मे रोजी व्हायची सार्वत्रिक निवडणूक ७ जूनवर ढकलली गेली. नुकसान सुमारे ८ अब्ज पौंडांचं धरलं जातं, आणि त्यातला मोठा वाटा शेतकऱ्यांइतकाच पर्यटनावर जगणाऱ्या हॉटेलं-खानावळींनी सोसला, कारण गावाकडच्या वाटाच बंद झाल्या होत्या. आपल्या हाताने वाढवलेली जनावरं मारायला आलेल्या पशुवैद्याला चहा विचारणारी माणसं होती ती. माझ्या व्यवसायातल्या ज्यांनी ते काम केलं, त्यांच्यापैकी अनेकांना पुढे त्याबद्दल बोलणंही जड गेलं.

त्यामुळे बाऊ हा शब्द मला मान्य नाही.

प्रश्न : पण एका सँडविचमुळे साथ येते, हे जरा अतिच नाही का? मी ते खाणार होतो, गाईला घालणार नव्हतो.

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही खाल्लेल्या सँडविचचा काहीच धोका नाही. धोका तुम्ही न खाल्लेल्या तुकड्याचा आहे. तो कचऱ्यात जातो, आणि कचऱ्याची एक फार जुनी वाट डुकरापर्यंत जाते. शहरांतलं, हॉटेलांतलं, जहाजांवरचं खरकटं डुकरांना घालणं ही जगभर शतकानुशतकं चालत आलेली गोष्ट आहे. डुक्कर हाडाचा तुकडाही चावून खातं. त्याला लागण झाली की विषाणूचा कारखाना सुरू होतो.

१९२९ मध्ये कॅलिफोर्नियात लाळ्या-खुरकूत निघाला तो एका प्रवासी जहाजाच्या खरकट्यातून. त्या जहाजाने अर्जेंटिनात मांस घेतलं होतं, त्याचे उरलेले तुकडे किनाऱ्यावर डुकरांना घातले गेले. अमेरिकेने तो रोग वेळीच निपटला आणि त्यानंतर आजवर तिथे तो निघालेला नाही. सन २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात तो निघाला, तेही डर्बन बंदरातल्या जहाजाचं खरकटं डुकरांना घातल्याने. २००१ च्या ब्रिटिश साथीचा उगम नॉर्थम्बरलँडमधल्या एका डुकरांच्या फार्ममध्ये सापडला. तिथे न उकळलेलं खरकटं घातलं जात होतं. त्यात बाहेरून आलेलं मांस होतं असाच निष्कर्ष निघाला. ते मांस देशात नेमकं कोणी आणि कुठून आणलं हे कधीच सिद्ध झालं नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली सर्वांत भीतीदायक बाब हीच आहे. साठ लाख जनावरं गेली, आणि ज्याच्या हातून ते मांस आलं त्याला बहुधा आजही ते ठाऊक नसेल.

खरकट्याच्या याच वाटेने पसरणारा दुसरा रोग म्हणजे आफ्रिकन स्वाइन फीव्हर. हा फक्त डुकरांना आणि रानडुकरांना होतो, माणसाला नाही, पण लागण झालेली बहुतेक डुकरं मरतात. २००७ मध्ये तो जॉर्जियात निघाला, काळ्या समुद्रावरच्या पोटी बंदरात उतरलेल्या जहाजाच्या कचऱ्यातून आला असं मानलं जातं. तिथून तो रशियात, २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या पूर्वेकडच्या देशांत आणि ऑगस्ट २०१८ मध्ये चीनमध्ये पोचला. त्याच वर्षी सप्टेंबरात बेल्जियमच्या जंगलात रानडुकरं मेलेली सापडली. जवळातला जवळ रोगग्रस्त भाग तिथून शेकडो किलोमीटर लांब होता. मधल्या देशांत एकही केस नव्हती, म्हणजे रानडुक्कर चालत आलं नव्हतं. माणसाने काहीतरी आणून टाकलं होतं. बेल्जियमला जंगलांभोवती कुंपणं घालून, मेलेली रानडुकरं शोधून काढून रोग घालवायला दोन वर्षं लागली.

हा विषाणू गोठवलेल्या मांसात दीर्घकाळ जिवंत राहतो, आणि खारवलेल्या, वाळवलेल्या मांसातही महिनोन्‌महिने टिकतो. तेव्हा तुमचं सँडविच हजारांतून एकदाच वाईट निघेल, कदाचित लाखातून. पण सीमेवरून दिवसाला किती पिशव्या जातात याचा विचार करा.

प्रश्न : मांस शिजवलेलं असेल, हॅम मिठात मुरवलेलं असेल, दूध पाश्चराइज केलेलं असेल, तरीही?

उत्तर : प्रयोगशाळेत याची नीट उत्तरं आहेत. लाळ्या-खुरकुताचा विषाणू आम्लाला फार हळवा असतो. जनावर कापल्यावर स्नायूत आम्ल तयार होतं, पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६ च्या खाली उतरला की त्या मांसातला विषाणू मरतो. पण हाडांतल्या मज्जेत आणि लसिका ग्रंथींत ते आम्ल तयार होत नाही, तिथे तो तग धरून राहतो. मांस पटकन गोठवलं तर स्नायूतही टिकतो. शिजवण्याचं म्हणाल तर जागतिक पशुआरोग्य संघटनेचा निकष असा : मांसाच्या आतल्या भागाचं तापमान किमान ७० अंश सेल्सिअस, आणि तेही किमान अर्धा तास. घरी शिजवलेल्या किंवा नुसत्या धुरावलेल्या मांसाच्या प्रत्येक तुकड्यात तसं झालं का, हे कोण सांगणार?

दुधाचंही तसंच आहे. माणसाच्या रोगजंतूंसाठी पुरेसं असलेलं नेहमीचं पाश्चरायझेशन या विषाणूसाठी एकदा पुरत नाही. दुधातले स्निग्ध कण आणि प्रथिनं त्याला उष्णतेपासून काहीसं झाकतात. म्हणून साध्या दुधाला दोनदा पाश्चराइज करावं, नाहीतर किमान १३२ अंशांवर एक सेकंद तापवावं, असा दंडक आहे. मुरवलेल्या चीजमध्ये आम्ल असतं आणि वेळ गेलेला असतो, म्हणून त्याचा धोका ताज्या चीजपेक्षा कमी. कच्च्या दुधाच्या ताज्या चीजचा सर्वांत जास्त.

कच्च्या दुधाच्या चीजबद्दल आणखी एक सांगते, कारण इथे तुमच्या स्वतःच्या तब्येतीचा संबंध येतो. शेळ्या-मेंढ्यांच्या कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस माणसाला होतो. आठवडेच्या आठवडे येणारा-जाणारा ताप, घाम, सांधेदुखी. डॉक्टरांना चटकन संशय येत नाही, त्यामुळे निदानच उशिरा होतं. परदेशात असं चीज खाल्लं असेल आणि नंतर असा ताप सुरू झाला, तर डॉक्टरांना ते आठवणीने सांगा.

सीमेवरचा अधिकारी पीएच मोजत नाही, थर्मामीटर खुपसत नाही. त्याच्याकडे एका प्रवाशामागे फार तर मिनिटभर असतं. म्हणून नियम भोंगळ वाटावा इतका सरसकट असतो : मांस नाही, दूध नाही. एखादं निर्दोष पाकीट त्यात वाया जातं हे मी नाकारत नाही.

प्रश्न : आमचं बाळ आठ महिन्यांचं आहे आणि सोबत पथ्याचं खास पेय लागणारे वडील आहेत. त्यांचंही काढून घेतील का?

उत्तर : नाही. काळजी करू नका. बाळाची दूध पावडर, बाळाचं तयार अन्न आणि वैद्यकीय कारणाने लागणारे खास पदार्थ यांना ब्रिटनच्या बंदीतही सूट आहे. बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात जाताना अशा पदार्थांची मर्यादा माणशी २ किलो आहे. उघडण्याआधी ते फ्रीजमध्ये ठेवावे लागणारे नसावेत, नामांकित कंपनीचे आणि मूळ पॅकिंगमध्ये असावेत. चालू वापरातला डबा उघडा असला तर चालतो. पावडर घरच्या बरणीत काढून नेऊ नका, तिथे ओळख पटत नाही. वडिलांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा.

चॉकलेट, बिस्किटं, पाव, केक याबद्दलही अनेकांनी विचारलं आहे. ब्रिटन आणि युरोपीय संघ दोन्हीकडे ती सहसा चालतात, आत मांस नसलं म्हणजे झालं. ताज्या क्रीमने भरलेले केक मात्र टाळावेत.

प्रश्न : पिशवीत काही आहे हे आपणहून सांगितलं तर उलट आपणच अडकतो. गप्प राहिलेले सुटतात. खरं ना?

उत्तर : अगदी उलट आहे, आणि या अंकातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. जवळपास सगळीकडे शिक्षा पदार्थ आणल्याची नसते, लपवल्याची असते. ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या कार्डावर मांस, दूध, अंडी, बिया असं सगळं विचारलेलं असतं. खूण केलीत, पदार्थ दाखवलात, तर तो फार तर काढून घेतील. काही वेळा तपासून परतही देतात. खूण केली नाही आणि सापडलं, तर दंड, आणि परदेशी प्रवाशाचा व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. जुलै २०२२ मध्ये, इंडोनेशियात लाळ्या-खुरकूत पसरलेला असताना, तिथून डार्विनला उतरलेल्या एका प्रवाशाच्या पाठीवरच्या बॅगेत अंडं आणि बीफ सॉसेज घातलेले दोन मफिन आणि एक हॅम क्रोइसाँ सापडलं. झिंटा नावाच्या कुत्रीने ते हुंगून काढलं. न सांगितल्याबद्दल दंड झाला २,६६४ ऑस्ट्रेलियन डॉलर. न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० डॉलर घेतात. तैवानने डिसेंबर २०१८ पासून रोगग्रस्त देशांतून डुकराचं मांस आणणाऱ्याला पहिल्याच वेळी दोन लाख तैवानी डॉलर, आणि पुन्हा सापडल्यास दहा लाख, असा दंड ठेवला आहे. परदेशी माणसाने तो भरला नाही तर त्याला देशात घेत नाहीत. इतकी कठोर तरतूद का, हे कळायला १९९७ आठवावं लागेल. त्या वर्षी लाळ्या-खुरकुताने तैवानचा डुकराच्या मांसाचा निर्यात-धंदा बसला, तो पुढे दशकं उठला नाही.

अनेक विमानतळांवर तपासणीआधी एक पेटी असते. पदार्थ तिच्यात टाकलात तर कोणी काही विचारत नाही. विमानात मिळालेलं चीजचं पाकीट, मुलाच्या दप्तरात विसरलेला डबा, यांची आठवण तिथे पोचल्यावर झाली तरी उशीर झालेला नसतो. शंका असेल तर ‘हो, आहे’ यावर खूण करा. खूण केल्याने फार तर पाच मिनिटं जातात.

आणि हो, त्या कुत्र्यांना घाबरू नका. अमेरिकेत १९८४ पासून बीगल जातीची कुत्री हे काम करतात. वास आला की तुमच्या सामानापाशी शांत बसतात. ती जात निवडली कारण नाक तीक्ष्ण आणि स्वभाव गरीब.

प्रश्न : हे सगळं आरोग्याचं निमित्त आहे आणि खरं कारण व्यापार, असं मला वाटतं. देश एकमेकांवर सूड उगवतात.

उत्तर : व्यापार त्यात आहेच, मी नाकारत नाही. जर्मनीतल्या त्या एका कळपानंतर दक्षिण कोरिया, मेक्सिको, ब्रिटन यांनी जर्मन माल थांबवला. रोगमुक्त हा दर्जा गेला की निर्यात बसते, आणि तिच्यामागे शेतकऱ्याचं घर बसतं. म्हणून सरकारं घाबरतात. त्या भीतीला सूड म्हणणं मला पटत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या बंदरावर ब्रिटिश ट्रकचालकांच्या डब्यातली हॅम सँडविचेस काढून घेतली गेली आणि ते चित्रण सगळीकडे फिरलं. लोक हसले. त्या अधिकाऱ्याने नवीन काहीच केलं नव्हतं. युरोपीय संघाबाहेरच्या देशांतून येणाऱ्यांना हाच नियम आधीपासून होता, ब्रिटन फक्त तेव्हा संघ सोडून बाहेरचा झाला होता.

इतिहास बघा. १९२० मध्ये दक्षिण आशियातून ब्राझीलकडे निघालेली गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात काही दिवस थांबली, आणि त्यांच्यासोबत आलेला बुळकांडी रोग तिथल्या गोठ्यांत शिरला. त्या धक्क्यातून १९२४ मध्ये पॅरिसला २८ देश एकत्र आले आणि आजची जागतिक पशुआरोग्य संघटना जन्मली. कोणत्या देशात कोणता रोग निघाला हे सगळ्यांना लगेच कळवायचं, हे तिचं पहिलं काम. २०११ मध्ये बुळकांडी पृथ्वीवरून संपल्याची घोषणा झाली. माणसाच्या देवीनंतर पूर्णपणे संपवलेला तो दुसराच रोग. लस होती, चिकाटी होती, आणि सीमेवर थांबवलेली जनावरंही होती.

प्रश्न : काढून घेतलेलं अन्न फेकून देतात. लोक उपाशी असताना हे पाप वाटतं.

उत्तर : मलाही अन्न फेकलेलं बघवत नाही. ते अन्न जाळतात किंवा खोल पुरतात, कोणाला वाटत नाहीत, कारण वाटलं की पुन्हा तुकडे उरतात आणि त्या तुकड्यांची वाट वर सांगितलीच आहे. आंतरराष्ट्रीय विमानांत उरलेल्या जेवणाचीही युरोपात अशीच विल्हेवाट लावतात, डुकरांना ते घालायला सक्त मनाई आहे. वाया जाऊ नये यासाठी करण्यासारखं एकच आहे : ते विकतच घेऊ नका. निघायच्या आदल्या दिवशी ज्या देशात जायचं आहे त्याच्या सरकारी संकेतस्थळावर नियम पाहा. एखादा रोग निघाला की ते रातोरात बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीचा अनुभव चालत नाही, माझा हा लेखही काही महिन्यांनी पुरा पडणार नाही. मधल्या देशात सामान घेऊन कस्टममधून बाहेर पडणार असाल तर तिथलेही नियम पाहा. टपालाने पाठवलं तरी सुटका नाही. आणि कुत्र्या-मांजरांचा खाऊ, चघळायची हाडं, हे मांसच आहे. ते हमखास विसरलं जातं.

प्रश्न : आम्ही एका शेतावर राहिलो, मुलांनी वासरांना हात लावला. त्याचं काही करायला हवं का?

उत्तर : हवं. विषाणू चिखलातून, बुटांच्या तळाला लागलेल्या शेणातून, कपड्यांतून येतो. बूट निघण्याआधीच ब्रशने घासून स्वच्छ धुवा, खाचेतला चिखल काढा, कपडे गरम पाण्यात धुवा. अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांच्या फॉर्मवर शेतावर गेला होता का असा प्रश्न असतो, तिथे ‘हो’ लिहा. ते फार तर बूट पाहतील, पुसून देतील. परतल्यावर काही दिवस दुसऱ्या कुठल्या गोठ्यात जाऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

प्रश्न : गाडीने देश ओलांडताना उरलेलं खाणं आम्ही रस्त्याकडेला पक्ष्यांसाठी ठेवतो. तेही चूक का?

उत्तर : मांस असेल तर हो. रात्री तिथे पक्षी येत नाहीत, रानडुकरं येतात. जर्मनीत महामार्गांच्या थांब्यांवर याच कारणासाठी अनेक भाषांत फलक लावले आहेत. उरलेलं पिशवीत बांधून झाकणाच्या कचरापेटीत टाका, आणि पेटी भरून वाहत असेल तर पुढच्या थांब्यापर्यंत गाडीतच ठेवा.